सांगलीच्या बाजारातील वांगी: कोणते वांगे कशासाठी घ्यावे?

विचारणा
आम्ही नुकतेच मुंबईहून सांगलीत राहायला आलो आहोत. येथील आठवडी बाजारात शेतकऱ्यांकडून तीन प्रकारची वांगी घेतली: पांढऱ्या रेघांची लहान जांभळी, लांबट हिरवी आणि एक मोठे फिकट हिरवे. विकणारे सगळेच आपला माल ‘कृष्णाकाठचा’ म्हणत होते. तिन्ही भरून एकत्र शिजवली, तेव्हा लहान वांगी गळून गेली, मोठ्याच्या फोडी कच्च्या राहिल्या आणि लांबट वांगी बियांनी भरलेली निघाली. कोणते वांगे कशासाठी घ्यावे, हे कृपया सांगावे.

मिरजेहून उत्तर
तिन्ही एका कढईत घातली, तेथेच गणित चुकले. लहान जांभळे वांगे मांजरी गोटा किंवा तशाच जातीचे असावे. भरण्यासाठी तेच घ्यावे. देठ ठेवून चार चिरा द्याव्यात आणि वांगी काळी पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात सोडावीत. शेंगदाण्याचा कूट, भाजलेले तीळ, सुके खोबरे, चिंच, गूळ आणि आपली कांदा-लसूण चटणी यांचे सारण भरून ती तेलावर परतावीत आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्यावीत. रस्सा हवा असेल तर झाकणावरचे तेच गरम पाणी घालावे. गार पाण्याने चव उतरते, असा माझा अनुभव आहे.

मोठे वांगे भरताचे. आकाराच्या मानाने हलके लागेल ते निवडावे, तेलाचा हात लावून दोन-तीन ठिकाणी टोचावे आणि निखाऱ्यावर देठापर्यंत मऊ होईतो भाजावे.

नदीकाठच्या शेतकऱ्याचे उत्तर
तुमची लांबट वांगी जून झालेली होती. कोवळ्या वांग्याची साल चकाकते आणि देठ हिरवागार असतो. साल निस्तेज झाली की आत बी धरले असे समजावे. बारीक छिद्र दिसले तर फळ पोखरणारी अळी आत असू शकते, म्हणून भरताचे वांगेही भाजण्यापूर्वी उभी चीर देऊन पाहावे.

‘कृष्णाकाठचे’ म्हणजे खरे तर मळीच्या रानातले. पुराच्या पाण्याबरोबर आलेला गाळ काठावर बसतो आणि त्या जमिनीतली वांगी थंडीत फार गोडीला येतात. चातुर्मासात वांगी न खाणारी घरे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ती पुन्हा सुरू करतात, तोच आमच्याकडे उत्तम मालाचा काळ. घेताना गाव आणि रान विचारावे. पिकवणारा माणूस आनंदाने सांगतो.

विचारणाऱ्याचे प्रत्युत्तर
मनःपूर्वक आभार. कोवळी लांबट वांगी मिळाली तर त्यांचे काय करावे?

मिरजेहून उत्तर
पावट्याबरोबर पातळ भाजी करावी. पावटा आधी निम्मा शिजवून घ्यावा आणि मगच वांग्याच्या फोडी घालाव्यात. सोबत बाजरीची भाकरी असावी.