टाइट सँडस्टोन: सच्छिद्रता एक सांगते, पारगम्यता दुसरंच. वर्ग कशावरून ठरवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. भूशास्त्राच्या प्रोजेक्टात अडकलोय. 12 प्लग (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या गाभ्यातून कापलेले छोटे दंडगोल) आहेत, फील्डचं नाव सांगायची परवानगी नाही. सगळ्यांची पारगम्यता (खडकातून द्रव-वायू किती सहज वाहतो ते) 0.1 मिलिडार्सीच्या आतली, म्हणजे टाइटच. सच्छिद्रता म्हणजे खडकात छिद्रांची जागा किती टक्के ते. त्यातले दोन छळतायत:

क्र. 4: सच्छिद्रता 9.4%, पारगम्यता 0.03
क्र. 9: सच्छिद्रता 6.1%, पारगम्यता 0.09

क्र. 4 च्या थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा खडकाचा पातळ काप) फेल्डस्पार हे खनिज विरघळून झालेली भरपूर छिद्रं दिसतात, पण मधल्या वाटा इलाइट या चिकणमातीच्या खनिजाने बुजल्यात. वाडा ऐसपैस, दिंडी दरवाजा मात्र वाकून जावं लागेल असा. म्हणून थ्रोटच्या, म्हणजे छिद्रांमधल्या अरुंद वाटांच्या, त्रिज्येवर खडकाचे वर्ग पाडायचं ठरवलं. विनलँडच्या सूत्राने सच्छिद्रता आणि पारगम्यतेवरून आर-35 (35% पारा शिरतो तेव्हाची थ्रोटची त्रिज्या) काढला: क्र. 4 ला 0.10 मायक्रॉन, क्र. 9 ला 0.27. म्हणजे क्र. 9 चांगल्या वर्गात. पण पारा भरण्याच्या चाचणीत 35% पारा शिरायला क्र. 4 ला साधारण 7.4 मेगापास्कल लागले, क्र. 9 ला 9. त्रिज्या = 0.735 ÷ दाब, म्हणजे 0.10 आणि 0.08. इथे 4 सरस!

चीनमधल्या ऑर्डोस खोऱ्यातल्या यानचांग फॉर्मेशन या खडकथरांवरचे पेपर चाळले. वर्ग बहुतेकांनी तीन-चारच पाडलेत, पण सीमा ज्याच्या त्याच्या. सर म्हणतात, 'सूत्र वापर आणि मोकळा हो.' मन मानत नाही.

प्रतिसाद, गाभातपासनीस:
मन मानत नाही ते बरोबर आहे. विनलँडचं ते सूत्र कोलोराडोतल्या स्पिंडल फील्डवर बसवलेलं आहे, आणि त्यात तुम्ही घातलेली पारगम्यताच चुकीची असेल तर उत्तरही चुकणार. क्र. 4 ला दोन्ही आकडे जुळतात, 9 ला नाही. 9 ची पारगम्यता किती दाबाखाली मोजली? प्लगला बारीक तडा असेल तर कमी दाबाखाली वायू त्यातून सुसाट जातो. जमिनीखालच्या दाबाला तोच तडा मिटतो. पाऱ्याची चाचणी प्लगच्याच तुकड्यावर केली की बाजूच्या?

धागाकर्ता:
बाजूच्या तुकड्यावर. पारगम्यतेच्या रिपोर्टमध्ये दाबाचा रकानाच कोरा आहे. आत्ताच क्र. 9 चा सेक्शन पुन्हा पाहिला: एक केसासारखी भेग सरळ क्वार्ट्झच्या कणांतून गेलीय, आत सिमेंटचा (कणांना जोडणाऱ्या खनिजाचा) कणही नाही.

गाभातपासनीस:
सिमेंट नाही म्हणजे बहुधा गाभा काढताना किंवा प्लग कापताना पडलेली. 9 ची पारगम्यता दाबाखाली पुन्हा मोजून घ्या. तोवर वर्ग पाऱ्याच्या आलेखावरून लावा. आणि 4 ओव्हनमध्ये वाळवलाय का तेही विचारा. इलाइटचे तंतू वाळताना कणांना चिकटून बसतात आणि पारगम्यता उगाच वाढलेली दिसते.

धागाकर्ता:
ओव्हनमध्येच. म्हणजे 0.03 पण जास्तच निघालेत? उद्या लॅबला फोन करतो.