मदत हवी आहे (तातडीची): गोधडीचा रंग पसरला, पांढरे गेंद गुलाबी झाले

रानजाई (मंगळवार, रात्री ९:१०)
कुणीतरी लवकर सांगा. भिंतीवर लावायची गोधडी केलीय, कास पठाराची, तिथल्या रानफुलांची. साडेतीन बाय अडीच फूट. कापड सगळं घरी रंगवलेलं, धावदोरा सगळा हाताने, चार महिने गेलेत त्यात. आज खडूच्या खुणा जाव्यात म्हणून धुतली तर तेरड्याचा गुलाबी रंग गेंदांवर आला. गेंद पांढरे होते हो! वर पिवळी सोनकी लाल झाली, ते तर कळतच नाहीये. शनिवारी सकाळी प्रदर्शनात द्यायचीय. मीठ टाकू का? किती?

आजीचा_बटवा (९:१८)
बादलीला मूठभर मीठ आणि अर्धी वाटी व्हिनेगर. रात्रभर भिजव. आमच्याकडे लग्नाच्या शालूपासून सगळ्याला हेच केलंय, कधी रंग गेला नाही.

उशीरा_लतीफ (९:२१)
तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते उगाच नाही. हलके घ्या.

बंडूनाना (९:३०)
रानजाईताई, कुठला रंग ते सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार? मी इचलकरंजीत प्रोसेसिंगमध्ये तीस वर्षं काढली. रंग कुठला, कापड कुठलं, आत काय भरलंय, कशाने धुतली, आता ओली आहे की वाळलीय? आणि मीठ टाकू नका. अजिबात.

रानजाई (९:३६)
कापड सुती. रंग बाजारातला, चांगला होता. दोरीवर वाळत घातलीय.

बंडूनाना (९:३७)
आधी दोरीवरून काढा! वाळू देऊ नका. इस्त्री तर नकोच. पाण्यात बुडवून ठेवा आणि मग बोलू.

कापूसकोंड्या (९:५२)
मी जाड थरांसाठी मशीनला वॉकिंग फूट लावते, खालचं-वरचं कापड सारखं पुढे सरकतं, चुण्या पडत नाहीत. टाक्याची लांबी ३ ठेवायची. चार महिन्यांचं काम आठवड्यात होतं.

रानजाई (९:५५)
@कापूसकोंड्या, मशीनचं कुणी विचारलंय?
@बंडूनाना, काढली. बादलीत आहे. आत भरलं काही नाही, सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचे दोन थर. वरचं पांढरं म्हणजे आजेसासऱ्यांचं धोतर. ते दुसरं मिळणार नाही म्हणून तर जीव खालीवर होतोय.

बंडूनाना (१०:०२)
बरं. आता रंगाचं. पाण्यात मीठ घालून उकळला होता, की धुण्याचा सोडा घातला होता?

रानजाई (१०:०६)
सोडा. गार पाण्यातच. दुकानदार कोल्ड ब्रँड म्हणाला. पिशवीत भरून रात्रभर ठेवलं होतं.

बंडूनाना (१०:०८)
आणि नंतर किती पाण्यातून काढलंत?

रानजाई (१०:१५)
दोन. मे महिना होता हो, टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. दुसऱ्या पाण्यात रंग जवळजवळ येत नव्हता.

बंडूनाना (१०:३१)
तिथेच घोळ झाला. हा रंग सोड्यामुळे सुताला पक्का चिकटतो, रासायनिक बंधच तयार होतो. जो चिकटला तो हलत नाही. पण सगळा रंग सुताला मिळत नाही. थोडा पाण्याशीच क्रिया होऊन वाया जातो, आणि हा वाया गेलेला रंग धाग्यात नुसता अडकून बसतो. गार पाण्यात तो फारसा निघत नाही, त्यामुळे पाणी स्वच्छ दिसतं आणि आपण फसतो. गार पाण्याने आधी मीठ आणि सोडा काढायचा, मग कडकडीत पाण्यात तीन-चार वेळा, ही पद्धत. तुमचा अडकलेला रंग आज सुटला आणि धोतरावर जाऊन बसला. तो तिथेही नुसता बसलाय, म्हणून आशा आहे.
मीठ का नको? रंगवताना आपण मीठ घालतो ते पाण्यातला रंग कापडाकडे ढकलायला. आत्ता घातलंत तर तो गेंदांकडेच ढकलला जाईल.

आजीचा_बटवा (१०:४०)
नाना, तुमची पुस्तकी विद्या ठीक आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या बायका करतात ते काय उगाच?

बंडूनाना (१०:४४)
बाई, शालू रेशमाचा. रेशमाच्या नि लोकरीच्या रंगाला आंबट चालतं. हे सूत आहे.

पंचगंगेकाठी (१०:५०)
मुळात 'आर्ट क्विल्ट' म्हणतात ती हीच का? आमच्या कोल्हापुराकडे वाकळ म्हणतात. अंगावर घ्यायची वस्तू भिंतीवर टांगून तिला इंग्रजी नाव दिलं की किंमत वाढते वाटतं.

रानजाई (१०:५२)
मी गोधडीच लिहिलंय. वर वाचा.

हल्याळचा_पाहुणा (११:०५)
अवांतर: उत्तर कन्नडमध्ये सिद्दी (मूळच्या आफ्रिकी) समाजाच्या बायका 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. कडेपासून सुरुवात करून गोल गोल फिरत मध्यापर्यंत येतात. कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची 'फुलं' लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. जुन्या कपड्यांची असल्याने रंगाची ही कटकट नाही, जे उतरायचं ते आधीच उतरलेलं असतं. रानजाईताईंनी कोपऱ्यांना काही लावलंय का?

अमृता_फ्रीमॉंट (बुधवार, सकाळी ६:१५)
मी इथे अमेरिकेत क्विल्टिंगच्या ग्रुपमध्ये आहे. नाना म्हणतात ते बरोबर. इकडे बायका बाथटब गरम पाण्याने भरतात, भरपूर डिटर्जंट घालतात आणि क्विल्ट दहा-बारा तास पूर्ण बुडवून ठेवतात. पाणी भरपूर हवं, म्हणजे सुटलेला रंग पातळ होतो आणि परत बसत नाही. वर एखादं टोक तरंगलं तर तिथे डाग राहतो, म्हणून वर ताट उलटं ठेवायचं.
पण ताई, सोनकी कशाने रंगवली?

रानजाई (७:०२)
हळदीने. बाकीचं रासायनिक झालं म्हणून पिवळा तरी नैसर्गिक. निळा पण नैसर्गिक आहे, सीतेची आसवं खऱ्या निळीत बुडवलेली. धुतली घरातल्याच साबणाच्या पावडरीने.

अमृता_फ्रीमॉंट (७:०९)
मग रंग पसरलाच नाही तिथे! साबणात खार असतो, खाराने हळद लाल होते. हळदीला चुना लागला की काय होतं ते आठवा. कोपऱ्यातल्या एका फुलावर लिंबाचे दोन थेंब टाकून बघा.

रानजाई (७:२०)
अय्या. पिवळी झाली.

आजीचा_बटवा (७:२२)
म्हणजे माझं व्हिनेगर बरोबर होतं.

बंडूनाना (७:५५)
दुसऱ्याच रोगावर लागू पडलं, पण पडलं. मान्य. मात्र ताई, गरम साबणात हळद परत लाल होईल, नंतर आंबटाने पिवळी केली तरी फिकट पडेल. शिवाय हळद उजेडात टिकत नाही. पोळीच्या फडक्यावरचे डाग आपण उन्हात घालवतो की नाही? प्रदर्शनाच्या दिव्यांखाली ती उडेलच. तिथे वेगळा पिवळा लागेल.

धुळ्याची_स्मिता (८:१०)
रंग पक्का करायचा फिक्सर मिळतो ना बाजारात? तो टाकला की झालं.

बंडूनाना (८:१४)
फिक्सर आत्ता टाकला तर गेंदांवरचा गुलाबीही फिक्स होईल. आधी काढा, मग काय ते.
पाणी कुठलं आहे तुमचं? बोअरचं?

रानजाई (८:३०)
बोअरचं. भांड्यांवर पांढरे डाग पडतात तेच.

बंडूनाना (८:४१)
जड पाण्यात हा सुटा रंग नीट निघत नाही. पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम. साधारण ६० अंश, म्हणजे हात क्षणभरही ठेववणार नाही इतकं. पिळायचं नाही, चोळायचं नाही. पाणी गडद झालं की बदला. शेवटच्या पाण्यात पांढऱ्या कापडाचा तुकडा टाकून ठेवा, तो पांढरा राहिला तरच थांबा.

उशीरा_लतीफ (९:१५)
सोपं उत्तर: गुलाबी झालेल्या गेंदांना तेरडा म्हणा.

रानजाई (९:१७)
गेंद गोल असतो, चेंडूसारखा. कासला गेलेला पहिला माणूस ओळखेल.

नवखा_भटक्या (९:४०)
कासला फुलं नक्की कधी असतात? बुकिंग करावं लागतं का?

पंचगंगेकाठी (११:२०)
सोनकी उसवू नका. वर ठिगळ लावा. वाकळेला ठिगळ लावायची लाज कसली? आमच्या आईच्या वाकळेत मूळ कापड कुठलं हे तिलाही सांगता यायचं नाही.

अमृता_फ्रीमॉंट (११:४५)
+१. डाळिंबाच्या साली तासभर उकळा, गाळा, तुरटीच्या पाण्यातून काढलेलं सुती कापड त्यात भिजवा. हळदीइतका भडक नाही येणार, पण टिकतो. लोखंडी कढई नको, काळपट हिरवा येतो.

रानजाई (शुक्रवार, रात्री १०:५०)
काल दिवसभर हेच. शेजारच्यांचं पत्र्यावरचं पावसाचं पाणी मागून आणलं, पिंपात घातलं, गॅसवर हंडे चढवून चढवून. पहिलं पाणी सरबतासारखं झालं. चौथ्या पाण्यात फडकं पांढरं राहिलं. बहुतेक गेंद पांढरे झाले. तेरड्याला अगदी खेटून असलेले चार-पाच जरा गुलाबी आहेत, ते तसेच ठेवतेय. धोतर कुठे विरलं नाही, हे मुख्य. साडी थोडी आटली आणि धावदोऱ्याच्या सुरकुत्या आणखी उठून आल्या, ते मला उलट आवडलंय.
सोनकी तेवीस. डाळिंबाच्या कापडाची चौदा लावून झालीत, नऊ बाकी. आज झोप नाही.
@हल्याळचा_पाहुणा, कोपऱ्यांना काही नाही लावलं. आता वाटतंय लावायला हवं होतं.
@बंडूनाना, एकच विचारायचंय. निळीवर बोट घासलं की बोट निळं होतं. परत गरम पाणी?

बंडूनाना (१०:५८)
नको! नीळ पाण्यात विरघळतच नाही. वरचे सुटे कण घासून निघतात तेवढंच. भिंतीवर लावायची आहे ना? मग लोकांना हात लावू देऊ नका. झोपा आता.

रानजाई (११:०१)
नऊ सोनकी बाकी आहेत म्हटलं ना.

नवखा_भटक्या (११:२०)
ताई, कासला रविवारी गर्दी असते का हो?

रानजाई (११:२१)
शनिवारनंतर सांगते.