दिवाळी सरली, थंडी येईना: हे मधले दिवस तुम्ही कसे काढता?

आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकला की पुढचे तीन-चार आठवडे मला फार जड जातात. दुपारी काहिली, पहाटे घशात खवखव. एरवी गच्चीतून दिसणारा येऊरचा डोंगर धुरकटून गेलेला. सहा वाजले की अंधार! आपल्याकडे सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी नाही, नोव्हेंबरच्या शेवटाकडे होतो, हे मला पन्नाशीत कळलं. म्हणजे मनाचे खेळ नव्हते तर. तुमचं काय?
(वर्तकनगर)

•

काय व्हायचंय? बोनस उडालेला, पगाराला वेळ, डब्यात चिवड्याचा चुरा. थंडी आली काय नि न आली काय.
(कोपरी)

•

आमच्या फाटकाशी दोन सातविणी आहेत. संध्याकाळी त्यांचा वास असा दाटतो की माझं डोकं धरतं. बायको मात्र मुद्दाम खिडकी उघडते. तिच्या माहेरच्या रस्त्यावर हीच झाडं होती. अठरा वर्षं हेच भांडण, नोव्हेंबरपुरतं.
(नौपाडा)

•

बाबांना दमा आहे. ते पहाटे साडेपाचला उपवनला फिरायला जायचे, आणि याच दिवसांत हमखास पंप लागायचा. डॉक्टरांनी समजावलं, की रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, वारा पडलेला असतो, त्यामुळे धूर-धूळ खालीच कोंडते. उन्हं वर आल्यावर जा. आता नऊला जातात. "पहाटेची हवा शुद्ध" हे वाक्य सोडायला त्यांना दोन वर्षं लागली, अजूनही पूर्ण सुटलेलं नाही. खिडकीच्या कठड्यावरून फडकं फिरवून ते मला दाखवतात. काळंकुट्ट. जणू मीच केलंय.
(घोडबंदर रोड)

•

मी खाडीकडे डोळे लावून बसते. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) यायला याच सुमारास सुरुवात होते, मे-जूनपर्यंत मुक्काम. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला तेव्हा नातेवाइकांना कौतुक वाटलं, त्याआधी "चिखलात काय बघतेस" होतं. पहिला थवा दिसेपर्यंत मात्र खरंच चिखलच बघत असते.
(ऐरोली)

•

लेकीच्या बाळंतपणाला हेलसिंकीला गेले होते, ऑक्टोबर ते डिसेंबर. तिथे नोव्हेंबरअखेर सूर्य साडेतीनच्या आत मावळतो, आणि दिवसभर असतो तोही ढगाआड. माणसं कोटाला चमकणारी पट्टी लटकवून चालतात, गाडीवाल्याला दिसावीत म्हणून. मी चार वाजताच देवापाशी दिवा लावायचे. जावई म्हणाले, आई, बर्फ पडू द्या, मग बरं वाटेल. मला वाटलं, आणखी गारठा, त्यात बरं कसलं? पण एका सकाळी पडदा सारला तर सगळं पांढरं, आणि रात्रीसुद्धा बाहेर उजेड! तेव्हापासून इथल्या नोव्हेंबरला नावं ठेवत नाही. सहापर्यंत ऊन आहे, वाळवणाला पुरतं.
(खारघर)

•

आमच्याकडे थंडीचं माप म्हणजे सासूबाईंची खोबरेलाची बाटली. साधारण चोवीस अंशांखाली ते गोठतं. तुळशीचं लग्न झालं की त्या रोज सकाळी बाटली उलटी करून बघतात. काल तळाशी पांढरट साय दिसली. मला दाखवायला बाटली मुठीत धरून स्वयंपाकघरात आल्या, तोवर विरघळली.
(कोलशेत)