‘सॅश’ हा शब्द एक की दोन?

प्रश्न
नमस्कार. नागपुरात धरमपेठेतील आमच्या घराच्या खिडक्या बदलण्याचे काम सुरू आहे. काच बसवलेल्या सरकत्या भागाला कारागीर ‘सॅश’ म्हणतात, आणि सीताबर्डीच्या शिंप्यांनी मुलीच्या झग्यावर कमरेला बांधायच्या रुंद पट्ट्यालाही हेच नाव सांगितले. आपल्याकडे साडीचाही पल्ला असतो आणि दाराचाही. तेव्हा कापडाचेच नाव खिडकीला मिळाले असावे काय?

उत्तर १
नाही. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत आणि इंग्रजीत येऊन ते एकरूप झाले.

कापडाचा सॅश अरबी ‘शाश’पासून आला. शाश म्हणजे तलम मलमल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याने डोक्याला गुंडाळायचे कापड, म्हणजे आपल्या फेट्यासारखे वस्त्र, ओळखले जात असे. कमरेचा किंवा खांद्यावरून घ्यायचा पट्टा हा अर्थ नंतरचा. एका शब्दात दोनदा ‘श’ उच्चारणे जड जाते, म्हणून पहिल्याचा ‘स’ झाला.

खिडकीचा सॅश फ्रेंच ‘शासी’पासून आला. शासी म्हणजे चौकट, आणि त्याच्या मुळाशी पेटी या अर्थाचा लॅटिन ‘काप्सा’ आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी या शब्दाचा शेवट अनेकवचनाचा समजून छाटला, तेव्हा उरला तोही ‘शाश’च, आणि पुढे त्याचाही सॅश झाला. अमरावती रस्त्यावर वाडीला ट्रकच्या सांगाड्याला जी ‘चॅसी’ म्हणतात, ती याच फ्रेंच शब्दाची दुसरी लेक आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

उत्तर २
वरील उत्तराशी मी सहमत आहे. मराठीतच पाहा : खिडकीची काच संस्कृत ‘काच’वरून आली आणि धोतराचा काचा ‘कच्छ’वरून. उच्चार जवळचे आहेत म्हणून त्यांना कोणी सख्खे मानत नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग भिंतीत पक्की बसवलेली बाहेरची चौकटही सॅशच का?

उत्तर १
नाही, ती नुसती चौकट. काच धरणारा आतला सांगाडा तेवढा सॅश. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या खिडकीत तो वर-खाली सरकतो आणि बाजूच्या पोकळीत दोरीला टांगलेली वजने त्याचा भार तोलतात, म्हणून तो अर्ध्यावर सोडला तरी तेथेच थांबतो. आपले कारागीर तो शब्द अचूक वापरत आहेत.