दुसऱ्या वारसा फेरीत स्थळे कमी ठेवावीत

सदनिका ३०२ :
सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारच्या आपल्या रत्नागिरीतल्या वारसा फेरीला एकोणीस जण आले आणि लहान मुलेही शेवटपर्यंत न कुरकुरता चालली, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही एक गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे. आपण अडीच तासांत सात ठिकाणे केली. काल ग्रुपवर आलेल्या सगळ्या छायाचित्रांत मी थिबा राजवाड्याच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाच्या येथील वाड्याच्या, त्या अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या शोधत बसलो, पण खिडकी नीट दिसेल असे एकही छायाचित्र सापडले नाही. प्रत्येकात आपण उभे आहोत आणि वाडा मागे अर्धा कापला गेला आहे. म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या फेरीत राजवाडा, थिबा राजाची समाधी आणि टिळक आळी एवढी तीनच ठिकाणे ठेवावीत आणि प्रत्येक ठिकाणी निदान पाऊण तास थांबावे.

सदनिका १०४ :
मला हे पटले. माझ्या गुडघ्यांना तर ते अधिकच सोयीचे आहे. मात्र एक विचारायचे राहिले. राजाला १८८६ साली येथे आणले आणि तेव्हापासून तो या वाड्यात राहिला, असे त्या दिवशी कोणीतरी सांगितले आणि माझ्या नातीने ते वहीत लिहूनही घेतले आहे. ते बरोबर आहे का?

सदनिका ३०२ :
काकू, निम्मे बरोबर आहे, आणि उरलेले निम्मेच अधिक महत्त्वाचे आहे. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली, थिबा राजाला पदच्युत केले, आधी मद्रासला नेले आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. रत्नागिरीच का, याचे उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या भूगोलात आहे. तेव्हा येथे आगगाडी नव्हती (ती यायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली), पावसाळ्यात घाट आणि नद्या अडवून धरत, आणि उरलेला मार्ग समुद्राचा, म्हणजे सरकारच्या नजरेखालचा. राजाला सगळ्यांपासून दूर ठेवायचे होते आणि त्या काळचे रत्नागिरी तितके दूर होते. वाडा मात्र १९१० च्या सुमारास बांधून झाला. त्याआधीची सुमारे चोवीस वर्षे हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिले. १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला, म्हणजे ज्या वाड्याला आपण त्याचे नाव देतो त्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. नातीला वहीत एवढे अवश्य जोडायला सांगा.

आणि समाधीचे म्हणाल, तर राजाच्या मृत्यूनंतर राणी सुपायालात त्याला येथे पुरू देण्यास तयार नव्हती. त्याचा देह आपल्या देशी नेता यावा, असा तिचा आग्रह होता. सरकारने तो मानला नाही आणि अखेर १९१९ साली त्याला रत्नागिरीतच समाधी दिली गेली. त्याची धाकटी राणी १९१२ साली येथेच वारली होती, तिची समाधी त्याच आवारात आहे. दिल्लीचा शेवटचा बादशाह बहादूरशाह जफर १८६२ साली रंगूनला कैदेत वारला आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा आपल्या गावात. हे मला समाधीपाशी उभे राहून मुलांना सांगायचे होते, पण आपण तेथे सात मिनिटे होतो.

सदनिका २०१ :
काका, तीन ठिकाणांचे म्हणणे मान्य आहे, पण पतितपावन मंदिर वगळू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने ते बांधले आणि सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश दिला. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि या कामामागे त्यांची प्रेरणा होती. ज्या काळी मंदिराच्या पायरीपाशी माणसाला थांबवले जात होते, त्या काळात हे उभे राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला ते शहरातल्या इतर मंदिरांसारखेच वाटते. आत कोण जाऊ शकत होते हे कळल्याशिवाय त्याचे मोठेपण कळत नाही, म्हणून तेथे थांबून सांगणे अधिकच गरजेचे आहे.

सदनिका ३०२ :
आपले म्हणणे योग्य आहे. चार ठिकाणे ठेवू. पाचवे मात्र कोणी सुचवू नये, ही नम्र विनंती.

सचिव :
सर्वांचे आभार. फेरीवरूनच एक विषय निघाला आहे. आपल्या प्रवेशद्वाराचे दोन्ही जांभ्याचे (तांबड्या कोकणी दगडाचे) खांब आणि बाहेरचा गडगा, म्हणजे दगडी कुंपणभिंत, यांवर चित्रे रंगवून घ्यावीत, अशी सूचना काही सभासदांकडून आली आहे. वारली पद्धतीची चित्रे सुचवली आहेत. आपली मते कळवावीत.

सदनिका ४०४ :
मी बांधकामाच्या क्षेत्रात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. दोन वर्षांपूर्वी आपण त्याच खांबांना ऑइल पेंट लावून घेतला होता. आज सकाळी मी डाव्या खांबापाशी थांबून पाहिले. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटले आहेत. एक पोपडा नखाने उचलला तर खालचा चिरा (जांभ्याचा घडीव दगड) ओला होता आणि बोटाला तांबडी माती लागली. पाऊस जाऊन महिना उलटला, तरी ही ओल आहे. जांभा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि वाऱ्या-उन्हात राहिला की कडक होतो. पावसात तो पाणी पितो आणि उन्हात ते सोडतो. त्याला गिलावा न करता उघडा ठेवण्याची आणि फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांधी, चुन्याने भरण्याची रीत आपल्याकडे पडली ती यामुळेच. वरून ऑइल पेंटचा थर दिला की पाणी जमिनीतून आणि फटींतून आत शिरते, पण बाहेर पडायला त्याला वाट राहत नाही. टिळक आळीच्या बाजूला अजूनही जुने गडगे आहेत. त्यांच्यावर शेवाळ आहे, नेचे उगवले आहेत, पण चिरा शाबूत आहे. आपला खांब मात्र दोन वर्षांत झिजू लागला. रंग लावावा हे मीच तेव्हा सभेत सुचवले होते, त्यामुळे ही चूक माझी आहे. ती वाढवू नये असे मला कळकळीने वाटते.

सदनिका २०३ :
मग भिंतीवर चित्र काढूच नये का? मुले फार उत्साहात आहेत.

सदनिका ४०४ :
वहिनी, पार्किंगच्या आतील बाजूची भिंत सिमेंटच्या गिलाव्याची आहे, तेथे पाऊस थेट लागत नाही आणि ती बऱ्यापैकी मोठीही आहे. चित्र तेथे जरूर काढावे. जांभ्याला हात लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

सदनिका ३०२ :
आणि चित्र वारलीच का असावे, याचाही विचार व्हावा. वारली चित्रे पालघर आणि ठाण्याकडच्या वारली समाजाची आहेत, ती सुंदरच आहेत, पण आपल्या दक्षिण कोकणात चित्रांची स्वतःची परंपरा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. एकामागून एक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगायची, अशी ही कला आहे. तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतल्या माणसांचे मोठाले डोळे एकदा पाहिले की विसरत नाहीत. मात्र मोबाईलवर चित्र पाहून आपणच नक्कल काढू नये. तेथील एखाद्या कलावंताला मानधन देऊन बोलवावे, आधी मुलांना कथा ऐकू द्यावी आणि मग त्यांच्या हाताखाली मुलांनी रंग भरावेत. खर्च फेरीच्या वर्गणीतून थोडा आणि उरलेला सभासदांच्या संमतीने करता येईल.

सचिव :
ही सूचना मी येत्या मासिक सभेत मांडतो. खांबांच्या रंगाचे काय करावे?

सदनिका ४०४ :
आधी डाव्या खांबाच्या मागच्या बाजूचा हातभर भाग ब्रशने आणि पाण्याने हलकेच साफ करून पाहू. मशीन लावायची नाही, आम्लही नको. चिऱ्याला इजा न होता रंग निघाला, तर चुन्याचे काम येणाऱ्या जुन्या गवंड्याला दाखवू आणि मगच पुढे जाऊ.

सदनिका १०४ :
मी रविवारी सकाळी सहाला खाली येईन. राजवाड्यापर्यंत मला रिक्षाने सोडावे, तेथून पुढे मी सर्वांबरोबर चालेन. नातीने वही घेतली आहे. या वेळी तिला खिडकीचे चित्र काढायचे आहे, त्यामुळे तिचे काढून होईपर्यंत कृपया कोणी पुढे निघू नये.