झाडाची किंमत आणि आजोळची देवरहाटी

झाडाची किंमत रुपयांत मांडली की लोक ती आपोआप जपतील, असं बरेच जण म्हणतात. अर्धं पटलं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या २०२१ मध्ये समोर आलेल्या अहवालात एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरलं होतं, त्यातले ४५,००० नुसत्या प्राणवायूचे. रस्ता रुंद करताना असा आकडा खर्चात धरला गेला तर मला हवाच आहे.

पण संगमेश्वराकडे माझ्या आजोळी देवरहाटी आहे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राई. तिथली पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. आत शिरलं की मनगटाएवढ्या गारंबीच्या वेली, घोटाभर ओला पाचोळा आणि भर दुपारी अंगावर येणारा गारवा. पावसाचं पाणी त्या पाचोळ्यात मुरतं, म्हणून खालचा झरा मे महिन्यातही आटत नाही. अख्खी वाडी त्यावर पाणी भरते. आजी गेली त्या वर्षी आई रोज संध्याकाळी तिथल्या पायरीवर जाऊन बसायची. परत आली की जेवायची. एरवी ताट तसंच राहायचं.

ते त्या ७४,५०० मध्ये कुठल्या रकान्यात धरायचं, हे मला खरंच कळत नाही. तुमच्याकडे अशी राई असेल तर तिथलं पाणी कुठवर टिकतं, तेही लिहा.