पावडरचे खटले भरणाऱ्या बायका हावरट? मला हे अजिबात पटत नाही

इंदिरानगरची
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "पावडरीने कॅन्सर झाला म्हणत अमेरिकेतल्या बायका कोट्यवधी उकळतात. निव्वळ हावरटपणा. आपल्या आज्या पावडर लावून नव्वदीपर्यंत जगल्या." तिथे गप्प बसले, पण डोक्यातून जाईना.

माझी मावशी पंचवटीत राहायची. आंघोळीनंतर रोज पावडर, उन्हाळ्यात दोनदा, आणि फक्त चेहऱ्याला नाही. अंडाशयाचा कॅन्सर निघाला, चौदा महिन्यांत गेली. पावडरनेच झाला असं मी म्हणत नाही. पण विचारणारी बाई हावरट कशी? पावडर ज्याची बनते त्या शंखजिऱ्याच्या, म्हणजे टाल्कच्या, दगडाशेजारीच अ‍ॅस्बेस्टॉस हे कॅन्सर करणारं खनिज सापडतं, हा मूळ मुद्दा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जॉन्सनच्या बेबी पावडरच्या एका बाटलीत त्याचा अंश सापडला, कंपनीने ३३ हजार बाटल्या परत मागवल्या. २०२० मध्ये टाल्कची बेबी पावडर अमेरिका-कॅनडात बंद केली. आपल्याकडे २०२३ पर्यंत चालूच. आपल्या लेकरांची कातडी वेगळी आहे का?

सातपूर_क्यूसी
मावशींबद्दल वाईट वाटलं. पण अर्धंच सांगताय. परत मागवल्यावर कंपनीने पुन्हा तपासण्या करून घेतल्या, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं नाही. जानेवारी २०२० मध्ये अडीच लाख बायकांचा अभ्यास आला, ठाम संबंध दिसला नाही. आणि आपल्या राज्याच्या एफडीएचं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं, काय झालं? पुणे-नाशिकचे नमुने सामूच्या (पीएच) चाचणीत नापास म्हणून २०२२ मध्ये जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा पावडरचा परवाना रद्द. सामू म्हणजे कॅन्सर नव्हे! नमुना डिसेंबर २०१८ चा, कारवाई चार वर्षांनी. हायकोर्टाने २०२३ मध्ये तो आदेशच रद्द केला. २५ वर्षं लॅबमध्ये काढलीत, असा ढिसाळपणा बघवत नाही.

इंदिरानगरची
त्याच अभ्यासात गर्भाशय आणि नलिका शाबूत असलेल्या बायकांमध्ये धोका थोडा जास्त दिसला होता, ते गाळलंत. आणि जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने टाल्कला "बहुधा कर्ककारक" गटात टाकलं.

सातपूर_क्यूसी
त्याच गटात मटणही आहे. रविवारी बंद करताय का?

निफाडचा_बागायतदार
डब्यावरून भांडताय, आमच्याकडे बघा. वडिलांनी तीस वर्षं बागेला औषध मारलं, तोंडाला फक्त उपरणं. घशाचा कॅन्सर झाला. आम्ही केस कुणावर टाकायची? २०१० मध्ये सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश निघाले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली. एक्स्पोर्टचा माल लॅबच्या रिपोर्टशिवाय कंटेनरमध्ये जात नाही. तुम्ही गाड्यावर घेता तो कोण तपासतं?

कॉलेजरोड_७
मग मारता कशाला? आम्ही पोरांना द्राक्षं तासभर मिठाच्या पाण्यात ठेवून देतो. विष घालणारे तुम्ही, आणि रडताही तुम्हीच.

निफाडचा_बागायतदार
तोंड सांभाळून बोला. अवकाळी पाऊस झाला की डाउनीची बुरशी चार दिवसांत प्लॉट खाते, तेव्हा बँकेचा हप्ता तुम्ही भरणार आहात का? घडावर एक डाग दिसला तर बाजूला ठेवणारे तुम्हीच. फवारा आधी आमच्या नाकात जातो, मग तुमच्या ताटात येतो.

कॉलेजरोड_७
वडिलांबद्दल वाचून बोलायला हवं होतं. तेवढं मागे घेतो. औषधाबद्दलचं मत तेच आहे.

इंदिरानगरची
धागा पावडरचा आहे हो.

द्वारकेचा_वकील
दोघांचा विषय एकच आहे, म्हणून मध्ये पडतो. अमेरिकेत वकील जिंकल्यावर टक्क्याने फी घेतो. आपल्याकडे वकिलाला तशी बोली करायला मनाई आहे. म्हणून तिथली गरीब बाई लढते, इथली बसून राहते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष मालाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे, पाच लाखांपर्यंत फीही नाही. पण तक्रार दोन वर्षांत करायची, आणि वीस वर्षांपूर्वीच्या डब्याची पावती कुणाकडे असते?

सातपूर_क्यूसी
अमेरिकेत सेंट लुईसच्या ज्युरीने २०१८ मध्ये जॉन्सनविरुद्ध २२ बायकांना ४.६९ अब्ज डॉलर दिले. हा न्याय की भावनेचा भर?

द्वारकेचा_वकील
अपिलात ते २.१२ अब्जांवर आलं, पण दोष कायम राहिला. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सुनावणीही नाकारली. आणि कंपनीने उपकंपनी दिवाळखोरीत काढून हे दावे एकगठ्ठा मिटवायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा फेटाळलं गेलं, शेवटचं २०२५ मध्ये. एवढी धडपड कशासाठी?

सातपूर_क्यूसी
हजारो दावे अंगावर आले की कुणीही वाट शोधेल. कारण सिद्ध झालंय हे मी मानणार नाही. पण "हावरट" हा शब्द चुकीचाच आहे, काकांना तसं कळवा. नातीच्या डब्यावर काल बघितलं, टाल्कच लिहिलंय. बायकोने तो उचलला, मी अडवलं नाही.

इंदिरानगरची
फेकू देऊ नका. बॅच नंबरचा फोटो काढा, बिल असेल तर जपून ठेवा. मावशीच्या कपाटातला डबा आम्ही तेराव्याला केरात टाकला.

निफाडचा_बागायतदार
वडिलांच्या वेळच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या गोठ्यामागे पोत्यात आहेत. उद्या भंगारवाला येणार होता. त्याला नको म्हणून सांगतो.